डोंगर कापायच्या आधीचे तीस दिवस

माळावर चुन्याच्या रेघा ओढलेल्या दिसतात, पाठोपाठ एखादा जेसीबी येऊन उभा राहतो, आणि मग गाव जागं होतं. तोवर निम्मी लढाई होऊन गेलेली असते. जमिनीचे फेरफार झालेले असतात, झोन बदलाची नोटीस राजपत्रात छापून तिची मुदत संपलेली असते, आणि ग्रामपंचायतीच्या कुठल्यातरी मासिक सभेत "पाणीपुरवठ्यास हरकत नाही" असा दोन ओळींचा ठरावही झालेला असतो. मोर्चा काढायची वेळ येते तेव्हा हरकत घ्यायची वेळ गेलेली असते. सह्याद्रीच्या उतारावर किंवा कोकणातल्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या सपाट माळावर) मोठा गृहप्रकल्प येऊ घातलेल्या गावांसाठी हे लिहितो आहोत, आणि सगळ्यात जास्त भर तारखांवर देतो आहोत.

उशीर किती महाग पडतो याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण लवासाचं आहे. वरसगाव धरणाच्या काठची मुळशी-वेल्ह्यातली अठरा गावं 2001 मध्ये हिल स्टेशनसाठी जाहीर झाली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस आली नोव्हेंबर 2010 मध्ये. पुढच्याच वर्षी पहिल्या टप्प्याला अटी घालून मंजुरीही मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला फेब्रुवारी 2022 मध्ये. परवानग्या देताना मनमानी झाली, हे न्यायालयाने नोंदवलं. पण याचिका फार उशिरा दाखल झाली, या कारणाने हस्तक्षेप करायला नकार दिला. मुद्दा खरा असूनही वेळ हुकली की काय होतं, हे यातून दिसतं.

तर सुरुवात कागदांपासून. गावात जमिनीचे मोठे व्यवहार होताहेत एवढी कुणकुण लागली तरी पुरे, बांधकामाची वाट पाहू नका.

गटाचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात सगळा जीव असतो. खाजगी वनाची नोंद, भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर निर्बंध असलेली जमीन), देवस्थान इनाम, कूळ, पाण्याची वाट, विहिरीतला हिस्सा हे सगळं तिथे सापडतं. 1975 च्या खाजगी वने (संपादन) कायद्याखालची नोंद असेल, तर पुढची बरीचशी मेहनत वाचू शकते. नोंद पूर्वी होती आणि नंतर कमी झाली असेल, तर ती कोणत्या आदेशाने कमी झाली तो फेरफार मागवा. नव्या फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. तलाठी कार्यालयाच्या फलकावर महिन्यातून दोनदा नजर टाकणारा एक माणूस गावाने ठरवून ठेवावा.

दुसरा कागद म्हणजे प्रादेशिक योजनेचा किंवा विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. जमीन शेती विभागात आहे, हरित विभागात, डोंगरमाथा-डोंगरउतारात की वन विभागात, हे त्यावरून कळतं. शेती विभागातून रहिवास विभागात बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात: प्रादेशिक योजनेतला बदल असेल तर कलम 20, विकास आराखड्यातला फेरबदल असेल तर कलम 37, अख्खा प्रारूप आराखडाच नवा असेल तर कलम 26. मुदत सूचनेतच लिहिलेली असते आणि ती बहुधा 30 दिवसांची असते. ती तारीख गावातल्या प्रत्येक घरी माहीत हवी. ही सूचना राजपत्राच्या भाग एकच्या विभागीय पुरवणीत आणि वर्तमानपत्रात छापून येते. पण ते वर्तमानपत्र तुमच्या गावात येत असेलच असं नाही, म्हणून नगररचना विभागाचं संकेतस्थळ दर सोमवारी उघडून बघणं जास्त खात्रीचं.

सोमवारचं आणखी एक महत्त्व आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाकडे 30 दिवस असतात. हरकतीची मुदतही 30 दिवसांची. म्हणजे उत्तर येईस्तोवर मुदत संपणार, हे उघड आहे. म्हणून अर्जासोबतच अवलोकन मागा. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहायला मिळतात. दोघांनी जावं. एकाने फाईल वाचावी, दुसऱ्याने टिपावं. फाईलमधली टिपणी आवर्जून वाचा. अभियंत्याने किंवा नगररचना सहायकाने आधी विरोधी शेरा दिला असेल तर तो तिथेच मिळतो. लेखी अर्ज कराल तेव्हा महाराष्ट्रातला नियम लक्षात असू द्या: एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. तीन विषय असतील तर तीन अर्ज, प्रत्येकी दहा रुपये.

प्रकल्पाची जाहिरात सुरू झाली असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असल्या की नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही लागते. नोंदणी झाली की मंजूर नकाशा, मालकीचे कागद आणि टप्प्यांची माहिती तिथे कुणालाही फुकट पाहता येते. अनेक गावं महिनोन् महिने जे कागद मागत बसतात, ते तिथे आधीच पडलेले असतात.

आता चढ. डोंगरावरच्या प्रकल्पाविरुद्धचा हा सर्वांत बळकट मुद्दा असतो, आणि गावं तो सर्वांत ढिसाळपणे मांडतात. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत (डिसेंबर 2020, मुंबई, माथेरान-महाबळेश्वरसारखी हिल स्टेशनं आणि लोणावळा यांना ती लागू नाही) 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मज्जाव आहे. 1:5 म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. "डोंगर फार उभा आहे" या वाक्याला सुनावणीत काही किंमत नाही. "गटाच्या उत्तर हद्दीपासून 60 मीटरच्या पट्ट्यात चढ 1:4 आहे, सोबत मोजणीचा तक्ता" या वाक्याला आहे.

मोजायचं कसं? सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 20 मीटर उंचीच्या अंतराने असतात. 20 मीटरच्या चढाला 1:5 या हिशेबाने जमिनीवर 100 मीटर अंतर हवं, आणि 100 मीटर म्हणजे नकाशावर 2 मिलिमीटर. म्हणजे तुमच्या गटावर दोन रेषांमधलं अंतर दोन मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं की ती जमीन 1:5 पेक्षा उभी आहे. हा पहिला अंदाज. मग प्रत्यक्ष जागेवर गवंड्याची पाण्याची नळी घेऊन जा. नळीचं एक टोक वरच्या खुंटाच्या बुडाशी धरा, दुसरं पाच मीटर आडव्या अंतरावरच्या काठीशी, आणि पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच येते ते मोजा. एक मीटरपेक्षा जास्त आली की झालं. अशा दहा-बारा जागा घ्या, प्रत्येक ठिकाणी मोबाईलवर अक्षांश-रेखांश नोंदवा आणि फोटोत टेप दिसू द्या. मात्र जमीन दुसऱ्याच्या मालकीची असेल तर तिच्यात शिरू नका. लगतच्या वाटेवरून, बांधावरून किंवा शेजाऱ्याच्या गटातून मोजा. परवानगीशिवाय घुसल्याची एक तक्रार झाली की सगळं लक्ष तिकडे वळतं.

इथे दोन गोष्टी हमखास होतात. एक, विकासकाचा सर्वेअर अख्ख्या गटाचा सरासरी चढ काढतो. खालची सपाट भातखाचरं आणि वरचा कडा यांची सरासरी 1:7 येऊ शकते, पण इमारती कड्याकडे असतात. म्हणून हरकतीत प्रत्येक इमारतीच्या जागेचा चढ वेगळा मागा. दोन, आधी टप्पे कापून जमीन सपाट करायची आणि मग मोजणी करायची. यावर उपाय म्हणजे जुनी उपग्रहचित्रं. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं तारखेसकट दिसतात. ती छापून ठेवा. माती आणि मुरूम काढायला गौण खनिजाची परवानगी लागते. ती नसेल तर तहसीलदाराला जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड करता येतो. खोदाई दिसली की त्याच दिवशी तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा. पाऊस पडून कापलेल्या कडेवर गवत उगवलं की किती ब्रास माती गेली हे सांगता येत नाही.

दरडीबद्दल लिहिताना जपून. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023 ही नावं प्रत्येक हरकतीत असतात, आणि त्यांचा दाखला बहुतेकदा चुकीचा दिलेला असतो. इर्शाळवाडीच्या डोंगरावर काही मोठा गृहप्रकल्प नव्हता. बांधकामामुळे ती दरड आली असं लिहिलंत तर समोरचा वकील एका मिनिटात खोडून काढेल. खरा युक्तिवाद याहून मजबूत आहे: मुसळधार पावसात सह्याद्रीचा न कापलेला उतारसुद्धा सुटतो, मग उताराचा पायथा कापून वरच्या मातीचा आधार काढला आणि पाण्याच्या वाटा बुजवल्या तर धोका वाढतोच. त्यासोबत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणता नकाशा जोडा.

पाण्याचा हिशेब मात्र सविस्तर करायलाच हवा, कारण तो गावातल्या कुणालाही करता येतो आणि कुणालाही खोडता येत नाही.

समजा 300 सदनिका येणार आहेत. एका सदनिकेत पाच माणसं धरली तर 1,500 माणसं. नागरी प्रकल्पासाठी माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. म्हणजे 2,02,500 लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर, रोज. खालचं गाव 1,200 वस्तीचं असेल, तर जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने त्याला लागतात 66,000 लिटर. एक प्रकल्प तीन गावांचं पाणी पिणार. आता गावातली विहीर मोजा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात दोन मीटर पाणी उभं असेल, तर ते होतं साधारण 56,500 लिटर. प्रकल्पाला दिवसाला अशा साडेतीन विहिरी भरून लागतील. हा हिशेब एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून हरकतीला जोडा. सोबत गावातल्या प्रत्येक विहिरीची एप्रिल आणि मे महिन्यातली पाणीपातळी, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्याची सही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर तुमच्या पाणलोटात असेल तर तिच्या नोंदीही मागवा.

विकासक उत्तर देतो की आम्ही बोअर घेऊ. बेसॉल्टमध्ये बोअरचं पाणी म्हणजे वेगळं पाणी नव्हे. कठीण खडकाचे थर आणि मधले सच्छिद्र किंवा लाल मातीचे पट्टे अशी आपल्या डोंगराची रचना आहे. पावसाचं पाणी वरून मुरतं, अशा पट्ट्यापाशी अडतं आणि उताराच्या कुशीत झरा म्हणून बाहेर येतं. वर खोल बोअर घेतली किंवा तळघरासाठी नेमका तोच पट्टा कापला, की खालचा झरा आटतो. कोकणात जांभ्याच्या सड्याचंही तसंच. सडा ओसाड दिसतो म्हणून "पडीक जमीन" असं लिहितात, पण सड्यावर मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरीत आणि पऱ्यात येतं. वाडीतला कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो हे म्हाताऱ्या बायांना नेमकं ठाऊक असतं. त्यांच्याकडून झऱ्यांची यादी करा, नकाशावर टाका. सरकारी नकाशात ते झरे सहसा नसतात.

येणाऱ्या पाण्याइतकंच जाणारं पाणीही मोजा. वापराच्या ऐंशी टक्के सांडपाणी धरलं तर रोज 1,62,000 लिटर. "प्रक्रिया करून बागेला वापरू" असं प्रत्येक अहवालात असतं. पावसाळ्याचे चार महिने बागेला पाणी लागत नाही. मग ते ओढ्यातच जाणार. त्यात ही बहुतेक घरं शनिवार-रविवारची. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू रोजच्या खुराकावर जगतात. पाच दिवस संयंत्राला काहीच मिळत नाही आणि सहाव्या दिवशी एकदम सगळा लोंढा येतो. अशा संयंत्रातून नीट शुद्ध न झालेलं पाणी बाहेर पडतं. सुनावणीत विचारा: प्रकल्पातली तीस टक्केच घरं भरलेली असताना संयंत्र कसं चालवणार? हा प्रश्न बऱ्याचदा अनुत्तरित राहतो, आणि तसं इतिवृत्तात नोंदवून घेणं आपल्या फायद्याचं.

आणि पावसाचं पाणी. दहा एकर म्हणजे सुमारे 40,000 चौरस मीटर. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला (घाटमाथ्यावर जुलैत हे नेहमीचं) तर त्या जागेवर चाळीस लाख लिटर पाणी पडतं. गवत-झाडीच्या जमिनीवरून त्यातलं तीस टक्के वाहून जातं असं धरा, फरशी-डांबर-छपरं झाल्यावर सत्तर टक्के. म्हणजे बारा लाखांऐवजी अठ्ठावीस लाख लिटर खाली येणार. कच्चा हिशेब आहे, पण खालच्या रस्त्यावरची मोरी 600 मिलिमीटरची आहे आणि तिच्यापलीकडे कोणाची भातखाचरं आहेत, हे जोडलंत की तो अधिकाऱ्याला समजतो.

रस्त्याकडे लोक दुर्लक्ष करतात. मोठ्या प्रकल्पाला पुरेशा रुंदीचा, अग्निशमनाची गाडी वळेल असा पोचरस्ता लागतो. डोंगरावर तो बहुतेकदा नसतो. मग गावची गाडीवाट, पाणंद किंवा शेतात जायला बांधावरून मिळालेली वहिवाट प्रकल्पाचा रस्ता म्हणून दाखवतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली मिळालेला रस्ता शेतीच्या वहिवाटीसाठी असतो, तीनशे सदनिकांच्या मोटारींसाठी नव्हे. गाव नकाशा घेऊन रस्त्याची नोंदवलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी दर पन्नास मीटरवर टेपने मोजून लिहा.

पर्यावरण मंजुरीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "जनसुनावणी झालीच नाही" असं ओरडून उपयोग नसतो, कारण 2006 च्या अधिसूचनेत इमारत, क्षेत्रविकास आणि टाऊनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूटच आहे. 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे मंजुरी लागते. 1,50,000 चौरस मीटर बांधकाम किंवा 50 हेक्टर क्षेत्र झालं की टाऊनशिपच्या वर्गात जातं. सुनावणी नसली तरी तुमचं पत्र राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीकडे जाऊ शकतं. अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' संकेतस्थळावर दिसतो, बैठकीची कार्यसूचीही लागते. बैठकीच्या आठवडाभर आधी दोन पानांचं पत्र आणि नकाशा सदस्य-सचिवांकडे पोचला पाहिजे. प्रस्तावातल्या चुकीच्या ओळी क्रमांकासह दाखवा: "जागेवर ओढा नाही" असं लिहिलंय, हा ओढ्याचा ऑगस्टमधला फोटो.

मंजुरी टाळण्यासाठी प्रकल्प 19,000-19,000 चौरस मीटरच्या तुकड्यांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावे मांडले जातात. तुकडे एकच आहेत हे दाखवायला पुरावा लागतो: एकच प्रवेशद्वार, एकच सांडपाणी संयंत्र, जाहिरातीत एकच नाव, महारेरावर तेच भागीदार. विक्री कार्यालयातली छापील पुस्तिका जपून ठेवा. त्यात सगळा प्रकल्प एका चित्रात असतो.

गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा यादीत आहे का, तेही बघा. 31 जुलै 2024 च्या मसुद्यात सहा राज्यांतलं 56,825.7 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, महाराष्ट्रातलं 17,340. तसे मसुदे 2014 पासून निघताहेत. मसुदा म्हणजे अंतिम अधिसूचना नव्हे, म्हणून केवळ त्यावर विसंबू नका.

ग्रामसभेचा ठराव. पाचव्या अनुसूचीतल्या पेसा गावांमध्ये (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांत) त्याला वेगळं बळ आहे. इतरत्र गावठाणाबाहेरच्या बांधकामाला परवानगी देणारे जिल्हाधिकारी किंवा विकास प्राधिकरण असतात, आणि "या गावात प्रकल्प नको" एवढाच ठराव त्यांच्यावर बंधनकारक नसतो. म्हणून ठरावात नकारासोबत कारणं घाला: विहिरींची पातळी, झऱ्यांची यादी, रस्त्याची रुंदी, आणि पूर्वी दिलेली पाण्याची ना हरकत मागे घेत असल्याचं स्पष्ट वाक्य. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 यांपैकी जे कमी असेल ते. हजेरीपत्रकावर सह्या पूर्ण असल्याशिवाय सभा उठू देऊ नका. गणपूर्तीच्या तांत्रिक कारणावर चांगले ठराव पडलेले आहेत. विषय सभेच्या नोटिशीत छापलेला हवा, आयत्या वेळी घेतलेला नको. सभा संपल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रोसिडिंगची नक्कल मागा. मासिक सभांची प्रोसिडिंग बुकंही बघा, मागच्या दोन वर्षांची.

हरकती लिहिताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकच मजकूर झेरॉक्स करून हजार सह्या घेणं. कार्यालयात तो गठ्ठा "एकसारख्या हरकती" म्हणून एका ओळीत निकाली निघतो. त्यापेक्षा चाळीस घरांनी चाळीस वेगळ्या हरकती द्याव्यात. ज्याची विहीर प्रकल्पाखाली आहे त्याने विहिरीची, जिची भाताची खाचरं मोरीपलीकडे आहेत तिने पुराची, जो धनगर त्या माळावर मेंढरं नेतो त्याने चराईच्या वाटेची. प्रत्येक हरकतीत गट क्रमांक, सूचनेचा क्रमांक आणि तारीख, आपला संबंध, एक किंवा दोन मुद्दे, आणि शेवटी नेमकं काय हवं ते: बदल नामंजूर करावा, किंवा अमुक भाग वगळावा, आणि "प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी". हे शेवटचं वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.

सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. भावना व्यक्त करण्यात ती संपतात आणि अधिकारी मान डोलावून पुढचं नाव पुकारतो. लेखी निवेदन हातात द्या, मोठ्या कागदावरच्या नकाशावर बोट ठेवून एक मुद्दा सांगा, बसा. पुढचा माणूस पुढचा मुद्दा सांगेल.

आता सर्वांत अवघड भाग, आणि तो कागदाचा नाही. गाव एक नसतं. कोणी जमीन विकलेली असते, मुलीच्या लग्नाला किंवा कर्ज फेडायला. कोणाच्या मुलाला जेसीबीचं काम मिळणार असतं. ही माणसं गावचीच आहेत, त्यांना गद्दार ठरवलं की लढा तिथेच मोडतो. त्यांना सांगायला ठोस काही हवं: जमीन विकणाऱ्याचे पैसे मिळालेत, ते कोणी परत मागत नाही, प्रश्न वरच्या उतारावर काय बांधायचं याचा आहे. दुसरी दरी असते वाडीतले लोक आणि दहा वर्षांपूर्वी बंगला बांधून आलेले शहरकर यांच्यात. बंगलेवाल्यांना दृश्य वाचवायचं असतं, वाडीला पाणी. बंगलेवाल्यांकडे वेळ, इंग्रजी आणि वकील असतात म्हणून नेतृत्व आपोआप त्यांच्याकडे जातं, आणि मग गाव म्हणतं, तुम्ही बांधलंत ते चाललं का? हा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे अर्जदार म्हणून पहिली नावं वाडीतल्या लोकांची असावीत, आणि बंगलेवाल्यांनी आपल्या बोअर आणि सांडपाण्याचा हिशेब आधी गावापुढे मांडावा. शिवाय गावातल्या तरुणांना घरं लागतातच. विरोधाच्या पत्रासोबत गावठाण विस्ताराची मागणीही द्या, सपाट जागेचा गट क्रमांक सुचवून. "घरं नकोत" आणि "इथे, अशी, इतकी घरं नकोत" यांत फार फरक आहे.

पुण्याच्या टेकड्यांचा अनुभव इथे कामाचा आहे. महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांच्या आराखड्यात सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सुचवलं गेलं. चार टक्के बांधकामाला मुभा द्यावी की देऊ नये यावर वर्षानुवर्षं वाद चालला. नागरिकांनी हरकती-सूचनांचा रेटा सोडला नाही आणि 2015 मध्ये राज्य सरकारने आरक्षण मान्य केलं. पण मधल्या दहा-बारा वर्षांत उतारांवर अतिक्रमणं होत राहिली, आणि आरक्षण कागदावर आल्यानंतरही ती राहिली. म्हणून आराखड्यातला विजय मिळाला तरी दर सहा महिन्यांनी त्याच जागांवरून फोटो काढायचं काम सोडायचं नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथे नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली 1:10 किंवा त्याहून जास्त चढाची जमीन "डोंगराळ" धरली जाते आणि ती कापायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. 25 टक्क्यांहून जास्त उतारावर बांधकाम बसत नाही. प्रादेशिक आराखडा 2011 ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झाला, डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. वेग हेच त्या आंदोलनाचं बळ होतं. पुढे 2023 मध्ये कलम 17(2) आणून एकेका सर्वे क्रमांकाचा झोन "चूक दुरुस्ती" म्हणून बदलायची वाट काढली गेली. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 13 मार्च 2025 रोजी रद्द केले. कलम 39अ ची वाट निराळी आहे, त्यात हरकतींना 30 दिवस मिळतात. राजपत्रात सर्वे क्रमांकांची यादी येते. आपल्या गावाचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

परवानगी मिळाल्यावर सगळं संपत नाही, पण घड्याळ बदलतं. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम 16 खालचं अपील 30 दिवसांत करायचं असतं. सबळ कारण दिलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. मंजुरीशिवाय काम चालू असेल तर कलम 14 खाली अर्ज, सहा महिन्यांत, अधिक 60 दिवस. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क एक हजार रुपये. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्याच्याकडे. लोक नेमके हे 30 दिवस "मंत्र्यांना भेटून येतो" म्हणत घालवतात. मंत्र्यांना जरूर भेटा, पण वकिलाकडे कागद आधी पोचवा.

मंजुरी मिळाल्याची जाहिरात विकासकाला सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक मराठी. ती छोटी असते, आतल्या पानावर. दिसली की कात्रण कापून ठेवू नका. वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि आवृत्ती दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो काढा आणि अंकही तसाच ठेवा. अपील मुदतीत आहे की नाही यावर वाद झाला तर पहिल्याच दिवशी ते पान दाखवावं लागतं.